सव्वाबारावर एक पास, एक नापास

माधव नगरात घरोघरी केबल आली तेव्हा मला तिची गरजच पडली नाही. आमच्या खालीच डॉक्टर मीनाताईंची रक्त तपासायची लॅब होती! भाजी निवडायला तिथल्या बाकावर बसलं की रोज एक नवा किस्सा. इतके साठलेत की पोटात मावत नाहीत.

बँकेतले देशपांडे नवरा-बायको आले. दोघांचंही हिमोग्लोबिन सव्वाबारा.

ताई म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही ठीक. भाऊ, तुमचं कमी आहे."

भाऊ उखडले, "आकडा तोच, अन् ही पास, मी नापास?"

"पुरुषांचं तेराच्या वर लागतं."

"बघा!" वहिनी म्हणाल्या, "इथेही तुमचीच मेहनत कमी पडली!"

ताईंनी मात्र हसण्यावारी नेलं नाही. पुढे तपासायला लावलं, तर पोटात अल्सर निघाला, आतल्या आत रक्त जात होतं. वेळेत सापडला म्हणून बरं!

देवास गेटच्या जोशीकाकांचा फौजी मुलगा लडाखहून सुट्टीवर आला. हिमोग्लोबिन अठरा! काका पेढे आणायला निघाले.

"थांबा काका. तिथे हवा विरळ, म्हणून रक्त वाढतं. दोन महिने घरी राहिला की आपोआप उतरेल."

काकू भडकल्या, "माझ्या हातचं खाऊन उतरेल? लोक काय म्हणतील!"

अन् सिंधी कॉलनीतली कविता. पोरगी धडधाकट, पण हिमोग्लोबिन कायम दहा. लोहाच्या टॉनिकच्या बाटल्या संपल्या, आकडा हलेना. 'लड़की कमजोर है' म्हणून दोन स्थळं परत गेलेली. तिसरं जमलं तेव्हा ताईंनी तिचं रक्त मुंबईला पाठवलं. थॅलेसेमिया मायनर निघालं.

"हा आजार नाही, जन्मापासून रक्तच असं आहे. टॉनिक बंद! पण मुलाचंही बघा. दोघांतही हेच असलं, तर बाळाला जन्मभर रक्त चढवायची पाळी येऊ शकते."

कविताच्या आईने हात जोडले, "डॉक्टर साहब, उन्हें मत बताइए. ये रिश्ता भी टूट जाएगा."

"मी नाही सांगणार. कविता ठरवेल."

कविता उठली, कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवर गेली अन् सरळ मुलालाच फोन केला!

दुसऱ्या दिवशी मुलाची आई तणतणत हजर. "कुंडली मिल गई, अब खून क्या मिलाना? मेरे लड़के में खोट निकालोगे?"

मागे मुलाने बाही वर केलेली. "मम्मी, सुई मुझे लगनी है, आपको नहीं."

रिपोर्ट येईपर्यंत कविताची आई धड जेवली नाही, अन् खरं सांगते, मलाही घास गोड लागेना. शेवटी ताईंनी पाकीट फोडलं.

"लड़का बिलकुल नॉर्मल है. शादी कीजिए!"

मुलाची आई तडक उठली. मग तिने दाराशी उभ्या धाकट्या लेकीला हाताला धरून आत ओढलं अन् खुर्चीवर बसवलं.

"अब इसका देखिए. कुंडली बाद में!"