तीन हाका

मलकापूरचा तो माणूस नदीत बुडालेल्यांची मढी वर काढतो. मी रहस्यकथा लिहितो, म्हणून मढं कितव्या दिवशी तरंगतं, असलं काहीबाही त्याला सहा वर्षं फोनवर विचारत आलोय. तो आधी खाकरतो, मग सावकाश सगळं सांगतो. बुडी मारण्याआधी मेलेल्याच्या नावानं तीन हाका मारायची त्याची रीत. "नाव घेतल्याबिगर हाताला लागत न्हाई," म्हणतो.

यंदा विश्रामबागेत आम्हा रहस्यकथाकारांचं संमेलन होतं. मोठ्या हौसेनं मी त्यालाही बोलावलं. टॉवेल मांडीवर घेऊन तो शेवटच्या रांगेत बसला. नदीत प्रेत सापडतं तो प्रसंग मी रंगवून वाचला. टाळ्या पडल्या आणि तो उभा राहिला.

"आवं, त्येचं नाव काय हुतं?"

"नाव नाही दिलेलं. कथेला गरज नाही त्याची."

सभागृह हसलं. मीही हसलो.

"मग हाक कशी मारायची त्येला?" एवढंच बोलून तो बाहेर पडला.

मी मागोमाग धावलो. तो फाटकापाशी पोचला होता. त्याला हाक मारायला तोंड उघडलं, ते तसंच राहिलं. माझ्या फोनमध्ये त्याचा नंबर 'मढीवाला' म्हणून आहे.