बाजाराच्या दुसऱ्या दिवशी

आमच्या ह्यांचं अक्षर म्हणजे कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं. शाळेचे मास्तर खरे, पण फळ्यावर लिहायला लागले की मुलं एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. त्यामुळं जत्रेचे कार्यक्रम फळ्यावर लिहून चावडीपुढं लावायचं काम गावानं मास्तरांकडं दिलं, तेव्हा ते गुपचूप माझ्याकडं आलं. दुपारी फळा आमच्या ओसरीवर यायचा, मी भिंतीला टेकवून लिहायची आणि कोतवाल उचलून न्यायचा. अक्षर माझं, कौतुक मास्तरांचं. मला त्याचा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

गाव मिरजगावाच्या पुढं, कच्च्या रस्त्यावरचं. मी नगरात वाढलेली, मराठी सातवी पास, आणि त्या सातवीचा मला भारी तोरा. लढाईचे दिवस होते. रॉकेल रेशनवर, तेही मिळालं तर मिळालं. म्हणून पंचांनी ठरवलं की यंदा भैरोबाच्या जत्रेचे सगळे कार्यक्रम दिवसाउजेडी उरकायचे. गुरुवारी पालखी, शुक्रवारी दिवस कलता भारूड, शनिवारी कुस्त्या, रविवारी शाळेतल्या मुलांचं नाटुकलं. बायकांना बरंच झालं. उजेडात कुणालाही घराबाहेर पडता येत होतं.

फळा लिहायच्या आदल्या दिवशी गावातले शिंपीबुवा आले. हे बुवा वर्षभर मशीन चालवायचे आणि जत्रेला लुगडं नेसून भारूड करायचे. गेल्या वर्षी मी ते पाहिलं होतं. लेकीची वाट बघणारी एक म्हातारी, असं त्यांचं सोंग. कमरेवर हात ठेवून बायकांकडं बघत ती विचारायची, "आली का गं माझी लेक?" आणि सगळ्या बायका एका सुरात ओरडायच्या, "न्हाई आली!" मग म्हातारी म्हणायची, "यील, यील. वाट लांब हाय," आणि तिथून जीव आणि देवाच्या भेटीचं गाणं सुरू व्हायचं. दर वर्षीची रीतच होती ती. मीही सगळ्यांबरोबर जोरात ओरडले होते.

बुवा ओसरीच्या पायरीवर बसले. आमचे हे शाळेत होते.

"मास्तरीणबाई, दिवस जरा ठळक लिवा," ते म्हणाले.

"मला काय सांगता? मास्तर लिहितात."

"तुमच्या बोटांना खडू हाय," बुवा म्हणाले, आणि मी हात पदराखाली घेतले.

मग त्यांनी सांगितलं. एकुलती एक लेक चार कोसांवरच्या गावात दिलेली. सहा वर्षं झाली लग्नाला. सासऱ्याचं म्हणणं, व्याही लुगडं नेसून नाचतो, तिथं माझी सून जायची नाही. मधे चार वर्षांमागं आई वारली तेव्हा काय ती पोर येऊन गेली, तेवढीच. आता बुवांचे गुडघे गेले होते. यंदाचं भारूड शेवटचं, असा निरोप त्यांनी धाडला, तेव्हा कुठं सासरा एका दिवसापुरता राजी झाला होता.

"तिला एकदा दावायचं हाय," बुवा म्हणाले. "एकदाच."

मी गेल्या वर्षी काय ओरडले होते ते आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी सुरेख अक्षरात तारखा घालून फळा लिहिला. कोतवालाला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवायची, तो पाठ करायचा आणि आसपासच्या सात गावांत दवंडी द्यायचा. त्यानं ऐकून घेतलं नि मान हलवली. "बाई, तारखा कुनाला कळत्यात? बाजारावरनं सांगा." आमचा बाजार गुरुवारचा. मी तारखा पुसल्या आणि भारूडापुढं लिहिलं, 'येत्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी'.

"मी आपलं जरा समजावून सांगतो लोकास्नी," कोतवाल म्हणाला.

इथं माझा स्वभाव आडवा आला. आदल्या वर्षी त्यानं दवंडीत पदरचं घालून कीर्तनाला कुस्त्यांच्या दिवशी नेऊन ठेवलं होतं. मी म्हटलं, "समजवायचं काही नाही. लिहिलंय तेच सांगायचं. एक शब्द इकडचा तिकडं नको."

"बरं बाई," म्हणून तो गेला आणि सातही गावांत शब्दाला शब्द सांगून आला. इतकं इमानदारीनं त्यानं आयुष्यात कुणाचं ऐकलं नसेल.

बुधवारी दुपारी देवळापुढं मांडवाच्या मेढी रोवायला खड्डे खणत होते. तेवढ्यात लागोपाठ तीन बैलगाड्या येऊन उभ्या राहिल्या. बायका नव्या लुगड्यांत, पोरांच्या डोक्यावर टोप्या. गाडीवाल्यानं विचारलं, "जत्रा कुठं हाय?"

त्यांच्या गावचा बाजार मंगळवारी असायचा. बाजाराचा दुसरा दिवस म्हणजे बुधवार. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. दर गावाला आपला बाजार तोच बाजार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. नव्हतं ते फक्त सातवी पास बाईला. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथं तर तीन गाड्यांचे सहा बैल.

आणि तिसऱ्या गाडीतून शिंपीबुवांची लेक उतरली.

मी देवळापाशी पोचले तेव्हा लोक ह्यांची चेष्टा करत होते. "मास्तर, पोरास्नी वार शिकवता का न्हाई?" हे आपले हसत उभे. कोतवाल मान खाली घालून. बुवा लेकीजवळ उभे होते, तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते. जावई मात्र चुळबुळत होता. खळं चालू होतं, दिवस मावळायच्या आत सुनेसकट परत ये असं बापानं बजावलेलं. शुक्रवारी पुन्हा गाडी मिळायची नाही.

कुणीतरी म्हणालं, "बुवा, आत्ताच घरी दोन बोल म्हणून दावा की लेकीला."

बुवांनी नकार दिला. "देवाम्होरं व्हायच्या आधी घरात कसं दावू? रीत हाय का ती?"

मग मला राहवेना. इतक्या पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं. म्हटलं, "मास्तरांना बोलू नका. कोतवालालाही नाही. फळा मी लिहिते. हेही मीच लिहिलं."

मी जावयाला विचारलं, "तुमच्या वडिलांना वाचता येतं का?"

"पोथी वाचत्यात."

"मग थांबा जरा."

घरी जाऊन मी चिठ्ठी लिहिली. 'दिवस लिहिण्यात चूक माझी झाली. त्यात बुवांचा दोष नाही, आपल्या मुलाचा नाही, सुनेचा तर नाहीच. सुनेला शुक्रवारपर्यंत ठेवून घेत आहोत. राग आला तर माझ्यावर धरावा.' खाली सही केली, ह्यांची नव्हे, माझी. लग्नानंतर माझं नाव मी पहिल्यांदाच कागदावर लिहीत होते. ह्यांनी चिठ्ठी वाचली आणि एवढंच म्हणाले, "धाडून दे."

जावई चिठ्ठी घेऊन एकटा गेला. लेक बापाच्या घरी राहिली. गुरुवारी पालखी निघाली, बाजार भरला, पण माझं लक्ष सगळं वाटेकडं. गाडी दिसली की वाटायचं, नेतात आता पोरीला. ती पोर शांत होती. बापाला भाकरी करून घालत होती.

शुक्रवारी दिवस कलला. बायकांच्या बाजूला मी तिच्याशेजारी बसले. मृदंग लागला होता, बुवा देवळामागं लुगडं नेसत होते, आणि तेवढ्यात घुंगरांची गाडी आली. सासरा स्वतः उतरला. उंच, पांढरं पागोटं, हातात काठी. लेकीनं माझा हात धरला. म्हातारा सरळ आमच्याकडं आला.

"चिठ्ठी कुनी लिवली?"

मी उभी राहिले. "मी."

त्यानं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "आमचा बाजार मंगळवारी असतो."

"आता कळलं."

"मग गावाचं नाव लिवत जावा म्होरं," तो म्हणाला, आणि पुरुषांत जाऊन मांडी घालून बसला.

बुवा मांडवात आले. हिरवं लुगडं, कपाळावर आडवी चिरी, पाय ओढत चालणं. लोक हसायला लागले. शेजारी पोर मात्र ताठ झाली.

"लुगडं आईचं हाय," ती हळूच म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "चालनंबी तिचंच हाय."

ते ऐकून मला समोरचं सोंग दिसेनासं झालं. ती बाई मी कधी पाहिली नव्हती, पण गावातल्या सगळ्या बायकांनी पाहिली होती. चार वर्षं त्या दर जत्रेला तिला भेटायला येत होत्या, आणि मला ते भारूड वाटत होतं.

म्हातारी बायकांच्या बाजूला वळली. एक हात कमरेवर, दुसरा डोळ्यांवर आडवा. मान थोडी वाकडी करून तिनं हाक दिली, "आली का गं माझी लेक?"

सवयीनं बायकांनी श्वास घेतला. कुणाचंतरी "न्हाई" ओठावर आलंही असेल. पण शेजारी ती उभी राहिली होती.

"आले गं आई," ती म्हणाली. "परवाच आले."

कुणी हसलं नाही. बुवा कमरेवर हात ठेवून तसेच उभे राहिले. इतकी वर्षं त्यांच्यापाशी 'न्हाई आली' च्या पुढचंच बोलणं होतं, ह्याच्या पुढचं नव्हतं. मृदंगवाला हलक्या हातानं ठेका धरून राहिला. पुरुषांत सासऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

मग बुवा त्याच बाईच्या आवाजात म्हणाले, "जेवलीस का?"