अकरा मिनिटांची वैनगंगा

आमच्या वाद्यवृंदातले कोणीही दोघे भंडाऱ्याच्या बस स्टँडवर समोरासमोर आले, तर तब्येतपाणी कोणी विचारत नाही. "अबे, मास्तराचं ते आंबागडचं आठवते का?" इथूनच सुरुवात होते आणि दोघांच्याही बस निघून जातात. किस्से असेच वाढत जातात. सांगणारा प्रत्येक जण आपल्याकडची थोडी फोडणी घालतो. मला त्याचा राग येतो. मी सांगतो ते झालं तसंच सांगतो. म्हणजे, जवळजवळ!

दामोदर मास्तर कारध्याचे. घरी धानाची शेती. तरुणपणी ते कामठीला लष्करी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. तिथे नोटेशन शिकले, गावी परतले आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चौदा जणांचा वाद्यवृंद उभा केला. लग्नाच्या बँडमधले ट्रम्पेटवाले, टपाल कचेरीतला अॅकॉर्डियनवाला वासुदेव, बर्फाच्या कारखान्यातला ढोलवाला शंकर, आणि पुढे व्हायोलिन घेऊन मी. मास्तरांच्या हातात बांबूची एक बारीक कमटी. पोस्टरवर छापलेलं असे, "जिल्ह्याचे सुप्रसिद्ध कंडक्टर". ते खोटं नव्हतं. पवनीपासून तुमसरपर्यंत लोक लग्नाची तारीख आधी मास्तरांना विचारत, मग भटजींना!

*

पहिल्या कार्यक्रमाला मास्तरांची माय आली होती. नऊवारी, डोक्यावर पदर, पहिल्या रांगेत मधोमध. दोन तास एका जागी बसली. कार्यक्रम संपल्यावर मास्तर पाया पडले. माय काळजीच्या सुरात म्हणाली, "सारे वाजवून रायले होते बापा, तू एकलाच उभा! तुले काई येत नाई का?"

सगळे हसायला लागले. मास्तर शांतपणे म्हणाले, "माय, मी थांबलो का सारे थांबतेत."

"मंग आधीच थांबाचं होतं! भात निवला ना घरी!"

*

आंबागडची गोष्ट. मास्तर आमच्याकडे तोंड करून, म्हणजे लोकांकडे पाठ करून उभे राहिले. कमटी वर गेली आणि सरपंच उठले.

"थांबा मास्तर. गावाकडं पाठ काहून करून रायले?"

मास्तरांनी समजावलं की कंडक्टर असाच उभा राहतो, जगभर.

"जगात रायत असन. इथं म्हातारी मानसं बसून हायेत. पाठ करनं शोभत नाई."

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होतो. कलेच्या स्वातंत्र्यावर बोलायला मी उठलोच होतो. वासुदेवने माझा सदरा धरून खाली ओढलं. सरपंचांनी तोडगा आधीच काढून ठेवला होता. "तुमी आमच्याकडं पाहा. हे बाकीचे तिकडं पाहू द्या."

आणि तसंच झालं! चौदा वादक लोकांकडे पाठ करून बसले आणि मास्तर गावाकडे तोंड करून उभे राहिले. अख्खा कार्यक्रम असाच पार पडला. शेवटी एक आजोबा मास्तरांचा हात धरून म्हणाले, "लय मजा आली गा! कोन चुकते ते तुमच्या तोंडावरच दिसे!"

*

आता 'वैनगंगा'बद्दल सांगायलाच हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

ही मास्तरांची स्वतःची रचना. अकरा मिनिटांची. गाणं नाही, शब्द नाहीत, फक्त वाद्यं. कारध्याच्या काठावर बसून त्यांनी ती तीन वर्षं लिहिली. सुरुवातीला एकटी क्लॅरिनेट, मग हळूहळू पाणी चढावं तशी सगळी वाद्यं. सिनेमाची गाणी मास्तर उत्तम बसवत. लोक त्यासाठीच बोलवत. पण त्यांचा जीव होता तो या अकरा मिनिटांत. एकदा मी विचारलं, "मास्तर, तुम्हाला नक्की काय हवंय? टाळ्या? सत्कार?"

"टाळ्या नको गा. पूरी वाजली पायजे आन् तोवर लोक बसून रायले पायजेत. एक डाव. बस."

इतकी साधी इच्छा. आणि ती बारा वर्षं पुरी होईना!

पहिला प्रयत्न आमच्या कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये. दोन मिनिटं झाली असतील, मागून आरोळी आली, "गाना! गाना!" मग बाकं वाजायला लागली. मास्तरांनी कमटी खाली घेतली, वासुदेवला खूण केली आणि त्या वर्षीचं सगळ्यात चालतं गाणं सुरू झालं. पोरं नाचली. मी मात्र मध्यंतरात माइक हिसकावून माझ्याच वर्गमित्रांना असंस्कृत, बाजारू आणि आणखी बरंच काही म्हणालो. प्राचार्यांनी माइक बंद केला.

विंगेत मास्तर चहा पीत होते. "ए कॉलेज, इतका गरम नको होऊ. नदी पुढच्या साली बी वायते."

*

दुसरा प्रयत्न तुमसरच्या एका व्यापाऱ्याकडे, मुलीच्या साखरपुड्याला. हा घात मात्र रचनेनेच केला.

'वैनगंगे'च्या मधोमध एक जागा आहे. उन्हाळ्यात नदीचं पात्र कोरडं पडतं, ती जागा. तिथे चार मात्रा सगळी वाद्यं गप्प. मास्तरांची कमटी हवेत थांबलेली. त्या दिवशी इथवर लोक छान बसून होते. मला तर घाम फुटला होता आनंदाने. चार मात्रांची शांतता आली, आणि व्यापारी शेठ हार घेऊन स्टेजवर! त्यांना वाटलं, झालं. त्यांनी हार घातला, मग त्यांच्या भावाने घातला, मग व्याह्यांनी. तेवढ्यात मंडपाच्या टोकाकडून आवाज आला, "पंगत बसली!"

मंडप रिकामा झाला. मास्तर तीन हार गळ्यात घेऊन तसेच उभे, कमटी वरच. मी मागे पाहिलं तर वासुदेवही नव्हता. तो पंगतीत दुसऱ्या पानावर होता!

परत येताना ट्रकमध्ये मी म्हणालो, "मास्तर, ती शांतता काढून टाका. तिच्याशिवायही चालेल."

मास्तरांनी गळ्यातले हार काढून बाजूला ठेवले. मग म्हणाले, "ते काडली तर माझं तिच्यात उरते काय?"

*

त्यानंतर लोकांना शिकवण्याचं मी मनावर घेतलं. 'श्रोत्यांसाठी आचारसंहिता' असं पत्रक छापून घेतलं. बारा नियम. मध्ये उठू नये, बोलू नये, खाऊ नये, संगीताकडे करमणूक म्हणून पाहू नये, वगैरे. कारध्याला नदीकाठच्या मैदानात कार्यक्रम होता, तिथे मैदानाच्या तोंडाशीच ते लोकांना वाटलं.

सकाळीच पाऊस पडून गेला होता. गवत ओलं. लोकांनी पत्रक घेतलं, नीट उलगडलं आणि त्यावर बसले! ज्यांना दोन मिळाली त्यांनी दुसऱ्यात भुईमुगाच्या शेंगा घेतल्या. 'वैनगंगे'च्या चौथ्या मिनिटाला खऱ्याच पावसाची सर आली आणि आचारसंहिता डोक्यावर धरून गाव पळालं.

मास्तरांनी चिखलातलं एक पत्रक उचललं, झटकलं, शेवटपर्यंत वाचलं. "चांगलं लिवतोस गा कॉलेज," ते म्हणाले. "किती लोकाईच्या कामी आलं!"

*

मुंबईचं सांगायचं राहिलं. तुमसरलाच एका लग्नाला आलेल्या, सिनेमाला संगीत देणाऱ्या एका गृहस्थांनी मास्तरांना ऐकलं. त्यांनी पत्र पाठवलं, साठ वादकांचा ताफा सांभाळायला या. आम्ही सगळ्यांनी त्यांना भंडारा रोड स्टेशनवर सोडलं. शंकर रडला. मी भाषण केलं.

नवव्या दिवशी मास्तर राइस मिलच्या शेडमध्ये हजर! तिथेच आमची तालीम चालायची. धोतर, टोपी, कमटी, सगळं जिथल्या तिथे.

"काय झालं मास्तर? अपमान केला का कोणी?"

"नाई गा. लय इज्जत देल्ली." मास्तर खिळ्यावर टोपी टांगत म्हणाले. "पन तिथं सारे पहिल्याच डावात बरोबर वाजवतेत. मले कायले पायजे मंग?"

*

मग दिवस पालटले. पंचायतीत टीव्ही आला, लग्नात कॅसेट लागायला लागली. चौदाचे आम्ही नऊ झालो. मास्तरांचा कमटीचा हात दुखायला लागला. चिखल्याहून निरोप आला तेव्हा ते म्हणाले, "विश्वकर्मा पूजेचा हा कार्यक्रम आखरी. इथं वैनगंगा झाली त झाली. नाई झाली त कागद नदीत."

कागद म्हणजे तीन वर्षांची मेहनत आणि बारा वर्षांची वाट. आणि हा माणूस बोलला की करायचा.

चिखला म्हणजे मँगनीजच्या खाणीचं गाव. आदल्या दिवशी दुपारीच पोचलो. सुखदेवभाऊ म्हणून खाणीत सुरुंगाच्या कामावर असलेले गृहस्थ, त्यांच्या घरी जेवायला बसलो. भाऊ काहीतरी सांगत होते आणि एकदम थांबले. हातातला घास तसाच. जमिनीखालून धप्प असा आवाज आला. मग दुसरा, तिसरा. वहिनी वाढता वाढता थांबल्या. शेजारच्या घरातलं भांडणसुद्धा थांबलं! शेवटचा आवाज झाल्यावर भाऊंनी घास तोंडात घातला. "बारा. झाले पूरे."

"काय पुरे झाले?"

"बार. जेवढे भरले तेवढे वाजले पायजेत. एखांदा वाजला नाई, त तो अंदर जिता रायते. मंग कोनीच हालाचं नाई. हा कायदाच हाय इथला."

मला त्या क्षणी फक्त वरण गार होतंय एवढंच दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी चार वाजता कॉलनीच्या मैदानात कार्यक्रम. मंडपात शे-दोनशे माणसं, बायका, पोरं, यंत्रांना वाहिलेल्या फुलांचा वास. तुमसरचा घात पुन्हा नको म्हणून मी माइक घेतला. या वेळी नियम नाहीत, भाषण नाही. एवढंच म्हणालो, "मंडळी, मध्ये एकदा सगळं गप्प होईल. ते संपणं नाही. शेवटाला मोठ्या ढोलावर एकेक करून नऊ ठोके पडतील. नववा पडला की संपलं. तोवर बसून राहा, एवढी विनंती."

क्लॅरिनेट सुरू झाली. दोन मिनिटं. चार मिनिटं. कोणी हललं नाही. कोरड्या पात्राची जागा आली. चार मात्रा. मंडपात एक पोरगं खोकलं, तेवढंच. आणि पाणी परत वाहायला लागलं! शंकरच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. मी पहिल्यांदाच 'वैनगंगे'चा शेवट स्टेजवर वाजवत होतो, मलाच तो नवीन होता.

ठोके सुरू झाले. एक. दोन. आम्ही सगळे शंकरकडे बघत होतो. सहा. सात. आठ.

झाले नऊ, असं समजून शंकरने काठी खाली ठेवली आणि उपरण्यात तोंड लपवलं.

मास्तरांची कमटी नवव्यासाठी वर गेलेली, ती तशीच हळूहळू खाली आली. बारा वर्षांनी पुरी झाली होती, एका ठोक्याने कमी. मास्तर वळले. वळून लोकांना नमस्कार करायला त्यांनी हात जोडले, आणि थांबले.

टाळी नाही. आवाज नाही. एक माणूस उठलेला नाही. बायकांनी पोरांचे हात धरून ठेवलेले. सगळा मंडप श्वास रोखून ढोलाकडे बघत बसलेला.

मग मागून सुखदेवभाऊ बसल्या जागेवरूनच, अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "मास्तर, आठच झाले. एक बाकी हाय. आमी हालत नाई."

शंकरने घाईघाईने काठी उचलली. मास्तरांनी त्याला हातानेच थांबवलं. मंडपाकडे एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिलं. मग आमच्याकडे वळले, दुखरा हात चोळला, कमटी वर घेतली आणि म्हणाले,

"पहिल्यापासून!"