प्रशिक्षकांनी विसरलेला नारळ

आमच्या टेकडी मंडळात चौदा माणसं आहेत आणि त्यांतली बारा पदाधिकारी आहेत. दर रविवारी सकाळी टेकडी चढायची, वर बसून काहीतरी खायचं आणि उतरताना जगाला नावं ठेवायची, एवढ्या कामाला अध्यक्ष, कार्याध्यक्ष, सचिव आणि दोन सहसचिव कमीच पडतात. उरलेल्या दोघांपैकी एक म्हणजे हडपसरहून दोन बस बदलून येणाऱ्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या बाई. बोलणं मोजकं. दुसरा मी. मला पद नाही, पण आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं, आणि मंडळातलं खरं पद तेच, असं मी मानत आलो.

गेल्या हिवाळ्यात टेकडीवर अध्यक्षांचा पाय मुरगळला. कुणी म्हणालं बर्फ, कुणी म्हणालं शेक, कार्याध्यक्ष तर पाय ओढून बघायला निघाले होते. वाद मिटायच्या आत अध्यक्ष लंगडत लंगडत एकटेच खाली पोचले. मग प्रथमोपचाराचं प्रशिक्षण घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे तीन बैठका झाल्या, आणि त्यातली एक प्रमाणपत्रावर कुणाची सही असावी एवढ्यावरच झाली.

प्रशिक्षक म्हणजे डोंगरात भटकणाऱ्या मुलांना शिकवणारा एक तरुण गृहस्थ. वाघोलीहून दुचाकीवर, पाठीला माणसाएवढा प्लास्टिकचा बाहुला बांधून आला. वेळ दहा ते बारा. दीपप्रज्वलन झालं, पंखा बंद करायचं कुणालाच न सुचल्यामुळे ते तीनदा झालं. पाहुण्यांनी आपला परिचय चार ओळींत पाठवला होता, सचिवांनी तो वाढवून पाहुण्यांच्या आजोळापर्यंत नेला. मग शाल, श्रीफळ. मग अध्यक्षांनी मुरगळलेल्या पायाची हकिकत टेकडीच्या पायथ्यापासून सांगितली. पाहुण्यांच्या हाती माइक आला तेव्हा सव्वाअकरा झाले होते.

त्यांनी बाहुल्याची छाती दाबून दाखवली. आम्हीही दाबली, ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी खुर्चीवर बसून दाबली. पावणेबाराला ते म्हणाले, “आता घशात काही अडकलं तर काय करायचं, ते दाखवतो. पाचच मिनिटं लागतील.”

मी घड्याळ पाहिलं. मागे उपमा थंड होत होता आणि माझं भाषण चार पानांचं होतं. मी उठलो आणि म्हणालो, “वेळेअभावी तो भाग आपण पुढच्या वेळी घेऊ.” मग मी सगळ्यांचे आभार मानले. सतरंजीवाल्याचे मानले, उपमा करणाऱ्यांचे मानले, शेवटी बाहुल्याचेही मानले. लोक हसले. त्या हशावर मी आठवडाभर खूश होतो, हे कबूल केलेलं बरं.

आम्ही उपम्यावर तुटून पडलो तेव्हा पोस्टातल्या बाई मात्र बाहुला पिशवीत भरणाऱ्या प्रशिक्षकांपाशी गेल्या. काहीतरी विचारत होत्या, ते काहीतरी करून दाखवत होते. मी सचिवांना म्हणालो, खिडकी बंद झाल्यावर येणारी माणसं यांनी जन्मभर पाहिली, आता स्वतः तेच करताहेत. सचिव हसले, कारण त्यांच्या ताटलीत मी नुकताच जास्तीचा उपमा वाढला होता.

बाहुला सांभाळण्याच्या नादात प्रशिक्षक सत्काराचा नारळ टेबलावरच विसरून गेले. फोन करून कळवता आलं असतं. पण नारळासाठी वाघोलीहून कोण परत येतंय, असा विचार करून मी तो घरी नेला. वाया जाऊ नये, एवढाच हेतू.

पुढच्या रविवारी टेकडीवर दगडावर आपटून मी तो फोडला, सगळ्यांना वाटला आणि तोंडात मोठा तुकडा टाकून त्याचीच गोष्ट रंगवायला घेतली. ज्याला आपला नारळ सांभाळता येत नाही तो आपले प्राण काय वाचवणार, असं काहीसं ते वाक्य होणार होतं. ते पुरं झालं नाही.

खोबरं अडकलं. आवाज फुटेना, खोकला येईना, श्वास आत जाईना. भाषणात हशाच्या आधी थांबायची मला सवय आहे. मंडळी हसायच्या तयारीने वाट पाहत राहिली. मग माझा चेहरा बघून एकाने पाण्याची बाटली पुढे केली, एकाने डोक्यावर थापट्या मारल्या, एक म्हणाले हात वर करा, आणि सचिव कुणाकडे टिपणं आहेत का ते विचारू लागले. सगळे प्रमाणपत्रधारक. माझं तर चौकट करून टीव्हीच्या वर लावलेलं आहे. मला भीती वाटली, साधी, मरणाची भीती. बायको आत्ता माझ्यासाठी पोह्यांना फोडणी घालत असेल, एवढंच डोक्यात आलं.

बाईंनी ती बाटली बाजूला सारली. मला पुढे वाकवलं आणि दोन खांद्यांच्या मधे तळहाताने पाच सणसणीत फटके दिले. काही झालं नाही. मग मागून दोन्ही हातांनी मला विळखा घातला, बेंबीच्या वर मूठ ठेवली आणि आत, वर असा जोरात हिसका दिला. आमच्या मंडळात बायका आणि पुरुष अजून वेगवेगळ्या दगडांवर बसतात. तिसऱ्या हिसक्याला तुकडा उडाला आणि अध्यक्षांच्या नव्या बुटावर पडला.

श्वास आला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सवयीने मी तोंड उघडलं.

“बोलू नका,” बाई म्हणाल्या. “आभार तर अजिबात मानू नका. आधी डॉक्टरांना पोट दाखवून या, मी फार जोर लावलाय.”

डॉक्टरांकडून आल्यावर दुपारी मी प्रशिक्षकांना फोन केला. त्यांचा नारळ आम्ही खाल्ला, हे सांगितलं, आणि तो कसा खाल्ला, तेही. पुन्हा याल का, असं विचारलं.

“येतो की काका,” ते म्हणाले. “पण या वेळी मला किती वेळ मिळेल?”

“सगळा,” मी म्हणालो.