तिघांची शाळा

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं, त्या काळात मेहकरकडच्या एका खेड्यात मी मास्तर होतो. शाळेत आम्ही तिघं. हेडगुरुजी, कडक शिस्तीचे. दुसरे मास्तर, गावातल्याच कुणब्याच्या घरचे. आणि मी, नवा. हेडगुरुजींची जागा आपल्याला मिळायला हवी होती, असं दुसऱ्या मास्तरांना वाटे. दोघं एकमेकांशी बोलत नसत. निरोप माझ्याकरवी जायचे.

एका दुपारी हेडगुरुजी उंबऱ्याला अडखळून पडले. दुसऱ्या मास्तरांनी त्यांना उठवलं आणि हळूच विचारलं, "गुरुजी, तुमाले दिसत नाही ना?"

हेडगुरुजी धोतर झटकत उंबऱ्यावरच बसले. मग म्हणाले, "उजेड तेवढा कळतो. वर कळलं तर घरी बसवतील. बायको अंथरुणाला खिळलेली आहे."

"मंग आमी दोघं कायले हावो इथं?"

त्या दिवसापासून मुलं गेली की आम्ही ओट्यावर बसायचो. मी उद्याचे धडे मोठ्यानं वाचायचो, हेडगुरुजी ते पाठ करायचे. वर्गात ते तोंडी शिकवत, फळ्यावर मी लिही, पाट्या दुसरे मास्तर तपासत. मुलं कुठं चुकतात ते दुसरे मास्तर हेडगुरुजींना सांगत, आणि हेडगुरुजी तेच गणित असं उलगडत की मीही मागं उभा राहून शिकायचो. मुलांना सगळं ठाऊक होतं. एकानंही घरी सांगितलं नाही.

मग शाळाखात्याचे डिप्टीसाहेब तपासणीला आले. त्यांनी मोठ्यानं सांगत फळ्यावर एक गणित घातलं आणि खडू हेडगुरुजींच्या हातात दिला. मी पुढं झालो. साहेबांनी मला थांबवलं. हेडगुरुजींनी फळा चाचपला आणि आपल्या वळणदार अक्षरात साहेबांच्या आकड्यांवरच आकडे लिहू लागले. वर्गात कुणी हसलं नाही.

"तुम्हा दोघांना हे माहीत होतं?" साहेबांनी विचारलं.

"हो साहेब," दुसरे मास्तर म्हणाले. "पन पोराईले इचारा, काय इचाराचं ते."

साहेबांनी विचारलं. मुलांनी चोख उत्तरं दिली. तरी पुढच्या महिन्यात हुकूम आलाच. हेडगुरुजी घरी बसले, माझी दूर बदली झाली. दुसरे मास्तर हेडमास्तर झाले. मी निरोप घ्यायला गेलो तर म्हणाले, "ह्या जागेसाठी म्या किती देव पुजले. आता बसवत नाही."

बायको वारल्यावर हेडगुरुजी देऊळगाव राजाला मुलीकडे राहायला गेले. तिथल्या विहिरीत त्यांचं प्रेत सापडलं. दिसत नव्हतं, पाय घसरला असेल, असं सगळे म्हणाले. मीही तसंच म्हणालो.