बियाण्याचं पडवळ आणि माझा कॅमेरा

आधीच सांगते, भूतबित, नजरबिजर असल्या गोष्टींना मी हसणाऱ्यांतली. इंजिनिअरिंग सोडून फोटोग्राफीला आले, तेव्हा माझी एकमेव अंधश्रद्धा म्हणजे यातून पोट भरेल ही! तरी जे घडलं ते घडलं... तुम्हीही खुशाल हसा.

शेवटच्या वर्षाला डॉक्युमेंटरी पोर्टफोलिओ असतो. माझा विषय शहरातली शेती. पुण्यातल्या गच्च्यांवरचे टोमॅटो वर्गातल्या सगळ्यांनी काढून झाले होते, म्हणून मी थेट तंजावूर गाठलं. तिथे बाबांची चुलतवहिनी, आमच्या सरोजाकाकू, एकट्या राहतात. राजवाड्यामागच्या गल्लीत, इस्त्रीवाल्याच्या पुढचं पिवळं घर. काकू शाळेतून रिटायर झालेल्या बॉटनीच्या टीचर. देवनागरी वाचता येत नाही, पण मराठी बोलतात ती शिवकालातली, आणि बोलण्याची चाल अस्सल तमिळ.

गच्चीवर भेंडी, वांगी, पालेभाज्या आणि मांडवावर पडवळाचा वेल. प्रत्येक कोवळ्या पडवळाच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधलेला, सरळ वाढावं म्हणून. मी तर वेडीच झाले.

"हें माझ्या सासूबाईंचें बियाणें," काकू म्हणाल्या. "दुकानांत मिळत नाहीं. बाकीचे वेल पावसांत कुजले, हा एकच राहिला. ह्यावरचें एक तरी पिकून बी द्यायला हवें. नाहीं तर संपलें."

"कोणतं ठेवणार बियाण्याला? हे?" मी बोट दाखवलं.

"अय्यय्यो! बोट दाखवूं नकोस! गळून पडेल!" आणि स्वतः बोट वाकडं करून, नुसत्या पेराने त्यांनी मला बियाण्याचं पडवळ दाखवलं.

"काकू, तुम्ही बॉटनी शिकवत होतात ना?"

"होतें कीं. हा प्रश्न परीक्षेला येत नव्हता."

मी हसले आणि कॅमेरा काढला. चांगली हातभर लांब लेन्स, एकेका पडवळाच्या तोंडासमोर धरून फोटो घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली निम्मी पिवळी पडून खाली! "परागीकरण झालें नसेल," काकू म्हणाल्या, पण माझ्याकडे न बघता. मग मी वांग्यांचे फोटो घेतले. वांगी गळाली. शेजारच्या सेल्वी अक्कांच्या गच्चीवर कोहळ्याचं इवलंसं फळ होतं, त्याचा एकच फोटो घेतला हो, एकच! तेही गेलं.

सेल्वी अक्का रागावल्या नाहीत. मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि दृष्ट काढली... माझी नाही, कॅमेऱ्याची! मिरच्या जाळल्या त्या माझ्या नाकाखाली. त्यानंतर मी गल्लीत दिसले की बायका पटापट कुंड्यांवर जुन्या साड्या टाकायच्या. माझा पोर्टफोलिओ म्हणजे झाकलेल्या कुंड्यांचं प्रदर्शन होणार अशी लक्षणं दिसायला लागली.

वेलावरची उरलेलीही एकेक करत गळाली. शेवटी एकच राहिलं, काकूंनी पेराने दाखवलेलं, आणि नेमका त्याचाच फोटो मी अजून घेतला नव्हता.

"तुझा पोर्टफोलिओ कीं माझें बियाणें, तूंच सांग बाळ," काकू म्हणाल्या आणि माझ्यापुढे कॉफी ठेवली. मला एकदम रडूच आलं. इतकं नुकसान करूनही बाई मला अवाक्षर बोलल्या नव्हत्या. मी कॅमेरा बॅगेत टाकला. परतीचं तिकीट काढते म्हणाले.

काकूंनी कॅमेरा बॅगेतून परत बाहेर काढला. मग म्हणाल्या, "बोट वाकडें करतां येतें. तुझी लेन्स वाकडी होत नाहीं का?"

आणि माझी ट्यूब पेटली. आरसा!

मी वेलाकडे पाठ केली. समोर सेल्वी अक्का आरसा धरून उभ्या, "सीक्रम, सीक्रम," म्हणजे लवकर आटप, असं सारखं चाललेलं. मी पडवळाचा नाही, आरशातल्या पडवळाचा फोटो घेतला. सकाळी धावत वर गेले, तर गडी दगड घेऊन निवांत लोंबतोय! हळूहळू गल्लीतल्या बायका आपापले आरसे घेऊन मला बोलवायला यायला लागल्या. एकही फळ पडलं नाही. सगळा पोर्टफोलिओ आरशांतला झाला.

पुण्यात परीक्षणाच्या दिवशी आमचे सर माझे फोटो लावलेल्या भिंतीपाशी थांबले. "वा! हे पडवळ बघा!" म्हणत त्यांनी फोटोवर तर्जनी टेकवली. सरळ. ताठ.

"सर, बोट!" मी किंचाळले. सगळा हॉल हसला.

तेवढ्यात फोन वाजला. काकू.

"पडलें ग. आत्तां, माझ्या डोळ्यांदेखत. वारा नाहीं, कांहीं नाहीं."

"काकू, माफ करा हो, बियाणं..."

"माफी कशाला? लालबुंद पिकलें होतें. बी ओंजळभर निघालें, तुलाही पाठवतें. पण तूं तिकडे काय केलेंस, तें सांग आधीं!"

पिकलं फळ पडतंच, हे मला कळतं. पण त्याच क्षणी? आणि त्याआधीची, कोवळीच गळालेली? मी नेट धुंडाळलं, काकूंनी त्यांची जुनी पुस्तकं काढली. उत्तर नाही... आजही नाही.

आता आमच्या गॅलरीत काकूंच्या बियाण्याचा वेल चढलाय, आणि परवाच पहिलं पडवळ धरलं. सरांना ते प्रत्यक्ष बघायचंय. रविवारी या म्हटलंय, पण हात खिशात ठेवून.