विटांच्या भिंतीतली भोकं

मंडळी, आज चिमूरला माझी फजिती झाली.

तिथलं पन्नासच्या दशकातलं विटांचं घर वारसा यादीत आहे. भिंतीत ओळीनं भोकं आहेत. यादीत मीच लिहिलं होतं, ‘हवेसाठी झरोके’. आज त्यांतली साळुंक्यांची घरटी काढायला शिडी लावली.

हे घर बांधणारे म्हातारे गवंडीभाऊ हसले. “हवेचे नाई बाई, बांधतानी उभं राहाच्या परांचीचे बांबू खोचाले ठेवली होती.”

“मग नंतर बुजवली का नाहीत?”

“बुजवालेच चढलो होतो. मालकीणबाई खालून ओरडल्या, ‘थांब भाऊ, आतमंधी पाखरं बसली!’ म्या थापी ठेवून देली. आता तुमी हाकलून राह्यले त्यायले?”

शिडी आम्ही काढली. यादीतलं ‘झरोके’ खोडलंय. त्या जागी ‘घरटी’ लिहिलं, तर चालेल ना?